‘मृत’ नावाचा रकाना

धारवाड, रविवार

प्रिय वीरभद्रास,

साष्टांग नमस्काराला कंबर परवानगी देत नाही, तेव्हा खुर्चीतूनच नमस्कार. तुझे गुडघे, गदगची धूळ आणि सूनबाईंचा स्वभाव, तिन्ही बरे असतील अशी आशा करतो. (गुडघ्यांबद्दल फारशी नाही.)

आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची वेबसाइट माझ्या नातीने, शाल्मलाने, तयार केली. तिच्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे वेबसाइटच्या तयार सांगाड्यात, एक सोय आहे. नाव, गाव, वर्ग, यांतल्या कुठल्या रकान्यात शोधायचं ते माणसाने ऐनवेळी सांगायचं, आणि प्रोग्रामने तोच रकाना घालून प्रश्न तिथल्या तिथे रचायचा. पाठांतराच्या तासाला गुरुजी एक शब्द टाकायचे आणि आपण त्यावरून कविता उचलायचो, तसंच की हे. (तू दुसऱ्या कडव्यात अडायचास, आणि चन्नप्पा मागच्या बाकावरून पुढची ओळ कुजबुजायचा.) म्हणून मी हट्ट धरला, रकान्याचं नाव लोकांना आपल्या मनाने लिहू दे. ती म्हणाली, "अज्जा, नसलेला रकाना कुणी लिहिला तर सगळं कोसळेल." मी म्हटलं, कोसळू दे. आणि ‘मृत’ हा रकाना तर मी तिला ठेवूच दिला नाही. आपल्या वर्गात तसलं काही शोभत नाही.

परिणाम असा, की मेळाव्याची आमंत्रणं सगळ्यांना गेली. चन्नप्पालाही. (मला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक करून घेतलं नव्हतं.) मेळाव्याला त्याची बायको पेढ्यांचा पुडा घेऊन आली. म्हणाली, "नीलकंठण्णा, त्यांना यायला जमलं नाही हो." मग माजी विद्यार्थी संघाचे सेक्रेटरी अंगडी उठले, अजून कोण कोण गेलंय ते एकदाचं कळू दे म्हणाले, आणि मोठ्या पडद्यावर सगळ्यांदेखत त्यांनी ‘मृत’ असं टाइप केलं.

वेबसाइट कोसळली. पडदा पिवळा झाला आणि त्यावर उमटलं: ‘मृत’ नावाचा रकाना अस्तित्वात नाही.

अंगडी चिडले, शाल्मला रडकुंडीला येऊन वायर उपटायला धावली. चन्नप्पाची बायको तेवढी पडद्याकडे बघत राहिली. "राहू दे की गं थोडा वेळ," म्हणाली.

आता शाल्मलाने ठरावीक रकान्यांचीच नावं चालतील असं केलंय, आणि अंगडींच्या आग्रहाने त्यांत तोही आहे. भरायचं काम माझ्याकडे. रोज चन्नप्पाच्या नावापाशी बसतो आणि चहा घेऊन उठतो.

तुझा,
नीलकंठ

ता. क. दुसऱ्या कडव्यातली ती ओळ मलाही आठवेना. तुला आठवते का?

पुन्हा ता. क. ओळ नाही आठवली तरी चालेल. तुझा फोन लागत नाही, मागच्या पत्रालाही उत्तर नाही, आणि वीरभद्रच्या नावापुढे ‘त्या’ रकान्यात काय भरायचं म्हणून अंगडी विचारतायत. कोरं कार्ड पाठव, पण पत्ता तुझ्या हातचा असू दे.