अक्काचे नऊ डबे

५ जाने., सोम. सातारा
सकाळी केस विंचरताना उगाचच आठवलं. मी तिसरीत, अक्का सातवीत. कॉन्व्हेंटच्या फाटकाशी पोचलो तेव्हा माझ्या एका वेणीला रिबीनच नाही. राजवाड्यापाशी कुठेतरी पडली असणार. आत सिस्टर उभ्या. अक्काने आपल्या वेणीची सोडली, कडेला दातांनी चावा घेतला आणि उभी फाडली. अर्धी तिला, अर्धी मला. दोघींचे दोरे लोंबत होते. सिस्टरनी विचारलं, ही कुणाची? अक्का म्हणाली, दोघींची. दोघी प्रार्थना संपेपर्यंत व्हरांड्यात उभ्या. मी रडत होते, ती चिमण्या मोजत होती.

तिला जाऊन महिना झाला. आटपाडीहून तिच्या घरमालकांचा फोन. मुलाचं लग्न आहे, वीस तारखेपर्यंत खोल्या हव्यात. "बाईंच्या सामानाला आम्ही कसा हात लावायचा? तुम्हीच या." नेहा म्हणते, आई, रविवारी मी येते सोबत. नको. एकटीच जाईन.

१२ जाने., सोम. आटपाडी
विट्याला बस बदलली. दुपारी पोचले.
दोन खोल्या. लग्न केलं नाही, बदली मागितली नाही, बत्तीस वर्षं याच गावात मास्तरीण. सामान म्हणजे सहा साड्या, दोन चष्मे, खडूचं खोकं, एक लोखंडी कपाट. इतक्यात माणसाचं भागतं?
माळ्यावर मात्र नऊ पत्र्याचे डबे. सगळे एकाच मापाचे, सुतळीने आवळलेले, आणि प्रत्येकावर एक मळकट चिंधी बांधलेली. अक्का आणि हा गबाळेपणा! चिंध्या सोडून साबणात भिजवल्या, डबे पुसून ओळीने मांडले. सुतळ्यांच्या गाठी सुटेनात. उद्या कात्री.

१३ जाने., मंगळ. भोगी
बरं झालं, कात्री सापडली नाही.
शेजारच्या हिराबाई तीळ लावलेली बाजरीची भाकरी घेऊन आल्या. धनगराच्या, सत्तरीपुढच्या. मुलगा बिरू मेंढरं घेऊन गेलाय, गुडघ्यांमुळे या मागे राहिल्या. दारातूनच दोरीवरच्या चिंध्या दिसल्या त्यांना. भाकरी हातात तशीच, उंबऱ्यावर बसल्या.
"आवं ताई, ह्ये काय केलंसा?"
दिवाळी झाली की इथली माणसं मेंढरांमागे कृष्णाकाठाकडे चालत जातात, पावसाळ्याच्या तोंडाला परततात. घरचे कागद, चांदीचा एखादा दागिना बरोबर कसा न्यायचा? बायका ते डब्यात घालून अक्काकडे ठेवत. अक्का जुन्या साडीची पट्टी फाडायची. अर्धी डब्याला, अर्धी जिचा डबा तिला. परत आली की पट्टीला पट्टी लावून बघायची. जुळली की डबा हातात. नाव नाही, नंबर नाही, वही नाही.
मी म्हटलं, मास्तरीण असून एक चिठ्ठी चिकटवायला काय झालं होतं?
"लिवलं तर कुनीबी वाचंल की, म्हनायच्या."
मी खालमानेने भाकरी खाल्ली. मग विचारलं, उघडून बघू का? कागदांवर नावं असतीलच.
"बाईंनी बत्तीस वर्सांत एक उघाडला न्हाई."
 

१४ जाने., बुध. संक्रांत
सकाळी डबे अंगणात नेले. उन्हात दिसलं. गंजलेल्या झाकणांवर साड्यांचा रंग उतरलाय. जांभळा, शेवाळी, एक विटकरी. सहा डब्यांच्या चिंध्या नक्की लागल्या. त्याच त्या जागी बांधल्या.
साड्या सगळ्या ओळखीच्या. विटकरी माझ्या लग्नातली. जांभळी नेहाच्या बारशाला नेसली होती. मी दरवर्षी विचारायची, दिलेली साडी नेसत का नाहीस? हसायची.
उरले तीन. त्यांवर रंग नाही.
फिक्या पट्ट्या कुणाकुणाकडे आहेत ते हिराबाईंना ठाऊक; त्यांनी बिरूला फोन लावला. तो कराडच्या बाजूला, तुटलेल्या उसाच्या रानात. म्हणाला, तिघींतल्या दोघी माझ्याच मेंढरांच्या वाड्यावर हायत, धाडतो.
झोप नाही. अक्काने बत्तीस वर्षं जपलेलं मी एका दुपारीत साबणात घातलं.

१६ जाने., शुक्र.
पहिल्या बसने दोघी जावा आल्या. कमरेच्या पिशवीतून पट्ट्या काढल्या. त्यांच्याकडच्या काळपट, मी धुतलेल्या पांढऱ्याफेक. पण फाटलेली कड दातऱ्याला दातरा जुळली. चिंध्या ठरल्या, डबे राहिले. थोरलीने एकेक कानाशी नेऊन हलवला.
"ह्यो न्हवं. माझ्यात वाळं हायती, घुंगरू तुटल्यालं. ह्यो... हां. बोलला बघा!"
धाकटीला तिचा वजनावरूनच कळला.
मी माफी मागितली. थोरली म्हणाली, "बाईंची भन हायसा, चालतंय. पर साबन लय वापारता, ताई."
हिराबाईसकट सगळ्या हसलो. महिन्याभरात पहिल्यांदा.
डबे दोघींनी पुन्हा ठेवायलाच दिले. मला वाटलं होतं, नेतील.
नववा आपोआप ठरला. त्याची चिंधी मोतिया, मीच दिलेल्या साडीची. तो कुणाचा विचारलं, तर हिराबाई उठून गेल्या.

१७ जाने., शनि.
ठरवलं, कपाट हिराबाईंना, डबे त्यातच. अक्कानंतर इथे विश्वासाचं दुसरं कोण? त्या आठ घ्यायला तयार, नववा नको.
"सोनाचा हाय त्यो. माझी सून."
तीन वर्षांपूर्वी भांडून लेकराला घेऊन गेली. कुठे, कुणाला माहीत नाही. हिराबाईंनी अक्काकडे तीनदा डबा मागितला. नातवाच्या जन्माचा दाखला त्यात आहे. तो हातात असला तर पोरगी परत येईल, असं त्यांना वाटे. अक्काने तिन्ही वेळा चहा दिला, डबा दिला नाही.
"रागावलात?"
"लय. वरीसभर बोलले न्हाई. मग म्हनलं, माझाबी डबा हिच्याकडंच हाय की."
थोड्या वेळाने म्हणाल्या, "माझ्या घरात नगा ठिवू, ताई. हात जाईल माझा."
एवढं स्वच्छ बोलणारं माणूस मी फार कमी पाहिलं. अक्का इथून का हलली नाही, ते आज कळलं.

१९ जाने., सोम.
खोल्या झाडल्या. किल्ली घरमालकांना दिली. निघताना भिंतीला हात लावला. येते गं, अक्का. तिथेही कुणाचं काही सांभाळत असशील.

उद्या विसरेन म्हणून इथेच लिहिते. नेहा, मला काही झालं तर तुझ्यासाठी.
कपाट आणि आठ डबे हिराबाईंकडे आहेत, मागायला जाऊ नकोस. खडू शाळेला दिले. चष्मे मी ठेवलेत, कारण काही नाही. सहा साड्यांतली हिरवी तुला, चार त्या दोघी जावांना, एक हिराबाईंकडे पट्ट्या फाडायला.
सोनाचा डबा साताऱ्याला आणतेय. माझ्या कपाटात, खालच्या कप्प्यात. पत्ता हिराबाईंकडून पाठ करून घेतलाय. तिचा फोन आला तर सांगेन म्हणाल्या. येईल का, विचारलं. "न्हाई यायचा," म्हणाल्या, आणि पत्ता पुन्हा म्हणून दाखवला.
सोना येईल, किंवा तिचा मुलगा. नाव विचारू नकोस, पट्टी बघ. कड जुळली तर डबा दे आणि जेवल्याशिवाय सोडू नकोस. जुळली नाही तर नुसता चहा. हिराबाई स्वतः आल्या, तरी चहाच.
डब्यावरची चिंधी एव्हाना पुन्हा मळली असेल. धुवू नकोस.