आमोसचं लुगडं

कृपा,

मी केडगावला बहिणीकडं जाते. भाकरी टोपलीत झाकून ठेवलीय.

आमोसनं अर्धं विणून मागावर सोडलेलं लुगडं आज कापून टाक. लढाई संपली, त्याच्याबरोबर ब्रह्मदेशात गेलेली पोरं घरी आली. चर्चात त्याच्या नावाची शेवटची प्रार्थनासुद्धा झाली. तरी तो येऊन पुरं करील म्हणत मी तुला मागाला हात लावू दिला नाही. तू लोकांच्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरत राहिलीस आणि घरचा माग बंद.

मी घरात असले तर परत तुझ्या हातातली कात्री हिसकावीन, म्हणून जाते. मागाच्या फणीतले धागे तेवढे ओढून काढू नकोस. त्यांनाच नव्या सुताच्या गाठी मार, म्हणजे एकेक धागा नव्यानं ओवायला नको. रंग तुझ्या मनाचा घे. आणि कुणी मागणी घातली तर सासूच्या तोंडाकडं बघत बसू नकोस.

त्यानं विणलेला तुकडा माझ्या पेटीत ठेव. माझ्या लेकराचं मातीत ठेवायला आपल्याला काहीच मिळालं नाही. मला मातीत ठेवशील तेव्हा तो तुकडा माझ्या उराशी दे.

आई