भुवईच्या वर दोन बोटं

न्यू ब्रायटन, पोर्ट एलिझाबेथ
४ मार्च २००१

चि. बुलेल्वास,

अनेक आशीर्वाद. मी इथे धडधाकट आहे, तूही तिथे तशीच असशील असं धरून चालते. दवाखान्यात दिवसभर लोकांच्या गुडघ्यांना मलम देते आणि घरी येऊन माझ्या गुडघ्यांना शिव्या. नोकरीची अजून आठ वर्षं उरली आहेत. आपल्या लुयांदाचा परवा जोहान्सबर्गहून फोन आला होता. बायको शोधतोय म्हणाला, पण गेली चार वर्षं तो ती शोधतोच आहे.

आता मुद्द्याचं. आमच्या शेजारच्या मारादेबे आणि गुरुवारच्या प्रार्थनेच्या अकरा बायका गेल्या आठवड्यात केपटाउनला सहलीला गेल्या होत्या. रॉबेन बेटावरचा तुरुंग आणि संध्याकाळी बोटीतून खाडीची फेरी, दोन्ही एकाच तिकिटात. तुरुंग दाखवायला कोण आलं, तर लुयांदाचे बाबा, त्यांची नोकरीच ती. मारादेबे म्हणते की पांढरी दाढी त्यांना फार शोभते. मला हे तिच्या तोंडून कळावं, ते असो.

गुरुवारी सगळ्या लाल ब्लाउज आणि पांढऱ्या टोप्या घालून देवळात जमलो होतो. तिथे मारादेबेने उभं राहून साक्ष दिली. म्हणाली, आपल्या नोबंतूबद्दल आपल्याला काहीच ठाऊक नव्हतं. हिचा नवरा दहा वर्षं त्या बेटावर होता आणि वर्षातून दोनदा ही त्याला भेटायला जायची. तपकिरी शाल पांघरून, डोईचा रुमाल थेट भुवयांपर्यंत बांधून, काचेपलीकडे अर्धा तास बसायची. तो पर्यटकांना सांगतो, की माझी बायको एकदाही चुकली नाही, तिच्यामुळे मी वेडा झालो नाही. सगळ्या बायका रडल्या. पाद्र्याच्या बायकोने माझा हात हातात घेतला. मी काय करणार, मीही मान हलवली.

बुलेल्वा, मी त्या बेटावर कधी पाऊल ठेवलेलं नाही, हे तुला, मला आणि त्यांनाच ठाऊक आहे. पहिली पाच वर्षं गोऱ्या सरकारने मला न्यू ब्रायटनची हद्द ओलांडायची बंदी केली होती. सहाव्या वर्षी परवाना मिळाला, मी धक्क्यापर्यंत आले आणि वाऱ्यामुळे त्या दिवशी बोटच सुटली नाही. परवाना त्या एका दिवसाचाच होता. त्यानंतर मी देवाशी आणि बोटीशी दोघांशीही बोलणं टाकलं. वीसच्या वीस भेटींना तूच गेलीस.

मग ती बायको कोण?

चौदा वर्षं झाली ते घरी येऊन. मला त्यांनी त्या भेटींबद्दल एक अक्षर सांगितलेलं नाही. मी विचारलं की उठून अंगणात जातात. आणि परक्यांना मात्र दिवसातून तीनदा सांगतात. तू दर रविवारी त्यांना जेवायला घालतेस, म्हणून तुला विचारते.

उत्तर लवकर धाड. लोभ आहे तेवढा आहे, तो वाढवायचा की नाही ते तुझ्या पत्रावर.

नोबंतू

*

लांगा, केपटाउन
१२ मार्च २००१

ती. सिसीस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र मिळालं. गुडघ्यांना मोहरीचं तेल लावून बघ. नर्स असलेल्या मोठ्या बहिणीला औषध सांगते म्हणून हसू नकोस.

माझं ठीक चाललं आहे. कारखाना सुटला तरी हात काही सुटत नाहीत. शेजारच्या शाळेचे चाळीस गणवेश शिवायला घेतले आहेत. भावोजी रविवारच्या बोटीने येतात, मका आणि चवळी दोनदा वाढून घेतात, पोर्ट एलिझाबेथचं पत्र आलं का एवढं विचारतात आणि खुर्चीतच झोपतात. असल्या पाहुण्यावरून तू माझ्याशी भांडत असशील तर मी त्यांना पार्सलने पाठवून देते.

मारादेबेला मी ओळखते. तिला एक सांगितलं की ती तीन ऐकते. आणि समजा भावोजी बायको म्हणालेच, तर त्यात काय एवढं? दिवसाला तीन बोटी, बोटीमागे चाळीस माणसं. मेहुणी यायची म्हटलं की कुणीतरी विचारणारच, बायको का नाही आली. मग ती सगळी कहाणी सांगायची. तोवर बोट सुटायची वेळ. बायको म्हटलं की लोकांना चटकन कळतं.

आणि शालीचं म्हणशील, तर तू दिलेली शाल पहिल्याच फेरीत वाऱ्याने समुद्रात गेली, हे मी तुला तेव्हाच कळवलं होतं. थंडीत मी काहीतरी पांघरलं असेल, त्यांना ती शाल वाटली असेल. पुरुषांना कपड्यांतलं काय कळतं.

लुयांदाला सांग, इथे एक चांगली मुलगी आहे, बॅंकेत आहे, फक्त हसते फार. माझ्यावर रुसायचं असेल तर रूस, पण पत्र बंद करू नकोस.

तुझी,
बुलेल्वा

*

न्यू ब्रायटन
२० मार्च २००१

चि. बुलेल्वास,

आशीर्वाद. खोटं लिहिताना तुझं अक्षर फार सुरेख येतं, लहानपणापासून. या पत्रातलं अक्षर तर चौकटीत लावण्यासारखं आहे.

मारादेबेला मी पुन्हा गाठलं. शाल कशी म्हणाले, नीट आठव, असं विचारलं. ती म्हणाली, तपकिरी चौकड्यांची, आणि एका कोपऱ्याला इस्त्रीचा जळका डाग. तो डाग माझ्या हातचा आहे, बुलेल्वा. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी पडला, त्यावरून सासूबाई मला महिनाभर बोलल्या. समुद्रात गेलेली शाल वीस वेळा काचेपुढे कशी येऊन बसली?

आणि शालीचं मी एक वेळ सोडून देते. थंडी असते, बोट असते. पण डोईचा रुमाल? सासूबाईंनी मला तो लग्नाच्या दिवशी स्वतःच्या हाताने बांधून दिला, भुवईच्या वर दोन बोटं, आणि मग मी त्यांच्या घरची झाले. अविवाहित मुलीने तो बांधायचा नसतो, हे मी तुला सांगायचं? आईने तुला तसं पाहिलं असतं तर तिथेच बसली असती.

मी मत्सर करते आहे, हे मला कळतंय. बावन्न वर्षांची बाई, सांधे आखडलेली, आणि मत्सर करते. दवाखान्यात एकाला दुसऱ्याच्या गोळ्या देता देता थांबले. तू त्यांना तेव्हा पाहिलंस जेव्हा मला त्यांचा चेहरा आठवेनासा झाला होता. त्यांचे केस पांढरे व्हायला लागले ते तू पाहिलंस. ते सगळं मला मिळायचं होतं. ते तुझ्याकडे गेलं, याबद्दल मी तुला थॅंक्यू म्हणत आले, आणि आता कळतं की तिथे तू माझे कपडे घालून माझ्या जागी बसली होतीस.

त्यांना मी लिहिलं आहे की लोकांना खरं सांगा, नाहीतर ती नोकरी सोडा. ईस्टरला मी येते आहे. तिकीट काढून, पर्यटकांच्या रांगेत उभी राहून, माझ्या कानांनी ऐकायला. त्याआधी तुझ्याकडून खरं हवं. त्यानंतर आपली पत्रं चालू राहायची की नाहीत, ते ठरवीन.

नोबंतू

*

लांगा
२९ मार्च २००१

ती. सिसीस,

सा. न. वि. वि. अक्षर वाईट येतंय, म्हणजे समजून घे.

शाल समुद्रात गेली नाही. माझ्या कपाटात आहे, डांबराच्या गोळ्या घालून. पहिल्या भेटीला मी ती थंडीसाठीच पांघरली होती. बोटीत आम्हा बायकांना खालीच बसवायचे, वर यायला परवानगी नसायची, आणि ओल हाडांत शिरायची. काचेपलीकडे भावोजी येऊन बसले, त्यांनी शाल पाहिली आणि सात मिनिटं तिच्याकडेच बघत राहिले. पहारेकऱ्याने वेळ चालली आहे म्हणून हटकलं. मग त्यांनी एवढंच सांगितलं, की पुढच्या वेळी हीच घालून ये. मी तुला खोटं लिहिलं, कारण तू ती परत मागशील असं वाटलं.

तिसऱ्या भेटीला ते म्हणाले, मान जरा खाली घाल. मी घातली. का म्हणून विचारलं, तर म्हणाले, मान खाली घातली की तू अगदी नोबंतूसारखी दिसतेस. सिसी, मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. बोटीत ओकत, पहारेकऱ्यांची बोलणी खात, कारखान्यातला दिवसाचा पगार बुडवून मी तिथे पोचायची, आणि त्या माणसाला माझा चेहरा नको असायचा.

शाल त्यांनी सांगितली. रुमाल मात्र मी माझ्या मनाने बांधला, त्याचं पाप माझं. त्यांना पुन्हा मान खाली घाल म्हणायला लागू नये, म्हणून मी तो भुवयांखाली ओढून बांधायची, डोळे जेमतेम दिसतील असा. बांधायला मला कुणी शिकवलं नव्हतं. बोटीत बांधायची आणि परतताना धक्का यायच्या आत सोडायची, लांग्यातल्या कुणा मावशीने पाहू नये म्हणून.

तू मत्सराचं लिहिलंस, म्हणून मीही लिहिते. वीस भेटी, अर्धा अर्धा तास, म्हणजे दहा तास. तुला त्यांच्याबरोबर पुढे चौदा वर्षं मिळाली. त्या दहा तासांत नोबंतू काय खाते, नोबंतूला झोप लागते का, नोबंतू चिडते का अजून. माझं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. तिला सांग, एवढंच म्हणायचे. मी सांगायची. प्रत्येक निरोप मी तुला नीट पोचवला, एक शब्द खाल्ला नाही. मी लग्न का केलं नाही म्हणून तू दर नाताळला विचारतेस, आणि मी कारखान्यातल्या मुकादमाचे विनोद सांगते. आता विचारू नकोस.

ईस्टरला मी देवळाच्या लोकांबरोबर वुस्टरला जाते आहे. मुद्दामच. किल्ली शेजारी ठेवते. शाल आणि रुमाल पलंगावर काढून ठेवले आहेत. तुझे आहेत, घेऊन जा.

रागावायचं तेवढं रागाव. मला लिहीत राहा, एवढं मात्र कर.

तुझी,
बुलेल्वा

*

लांगा, तुझ्या स्वयंपाकघरातून
१५ एप्रिल २००१, ईस्टर

चि. बुलेल्वास,

अनेक आशीर्वाद. तुझ्याच टेबलाशी बसून तुलाच पत्र लिहिते आहे, अशी वेळ तू माझ्यावर आणलीस. साखरेच्या डब्याखाली ठेवून जाते. तुझी चूल पेटवायला मला अर्धा तास लागला आणि तुझ्या मांजराने माझा मासा खाल्ला.

काल मी बेटावर जाऊन आले. बोट सुटेपर्यंत मी कठडा धरून उभी होते. पुन्हा वारा सुटेल, पुन्हा परत पाठवतील असं वाटत होतं. सुटली तेव्हा मला रडू आलं. शेजारचा जपानी म्हातारा घाबरला आणि त्याने मला लिमलेटची गोळी दिली.

मी तुझी, म्हणजे माझी, शाल पांघरली होती आणि रुमाल माझ्या पद्धतीने बांधला होता. चाळीस जणांच्या मागे उभी राहिले. ते फळ्यासमोर उभ्या असलेल्या मास्तरासारखे बोलतात, मला माहीतच नव्हतं त्यांना एवढं बोलता येतं. भेटीच्या खोलीत आलो. काच, तिच्या दोन्ही बाजूंना स्टूल, भिंतीला फोन. मला वाटलं होतं मोठी खोली असेल. एवढीशी जागा आहे, बुलेल्वा.

त्यांनी खरं सांगितलं. म्हणाले, इथे माझी मेहुणी यायची, वीस वेळा आली, तिचं नाव बुलेल्वा. तू म्हणाली होतीस तसंच झालं, एका जर्मन बाईने लगेच विचारलं की मग बायको कुठे होती. ते म्हणाले, बायकोलाही कोंडलं होतं, तिच्याच गावात. मला निदान काच होती, तिला काचही नव्हती. चौदा वर्षांत हे वाक्य त्यांनी मला कधी म्हटलं नाही. जर्मन बाईला म्हटलं.

मग माणसं पुढे गेली आणि त्यांनी मला पाहिलं. आत वळून पलीकडच्या स्टुलावर जाऊन बसले. मी अलीकडे बसले. फोन बंद पडलेले आहेत, पण आम्ही दोघांनीही उचलले. ते माझ्याकडे खूप वेळ बघत होते, काहीतरी राहिलंय असं. आणि मग त्यांनी काचेवर बोट टेकवलं आणि म्हणाले, रुमाल जरा खाली ओढ.

त्यांना स्वतःलाही कळलं नसावं आपण काय बोललो ते. मला कळलं. तू माझ्यासारखी दिसावीस म्हणून मान खाली घालायचीस, आणि आता मी तुझ्यासारखी दिसावी म्हणून त्यांनी मला सांगितलं. तुझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही म्हणतेस. तुझा चेहरा नको होता म्हणतेस. तुला काहीच माहीत नाही, बुलेल्वा. मला ती काच फोडावीशी वाटली.

मी रुमाल ओढला. दोन बोटं खाली. आणि ते बोलायला लागले.

संध्याकाळी खाडीच्या फेरीतही बोलतच होते. लोक वाइन पीत होते, डोंगराचे फोटो काढत होते, कुणीतरी पाण्यात सील दाखवत होतं. यांनी कशाकडे पाहिलं नाही. दहा वर्षांचं सगळं सांगत होते, जे मी चौदा वर्षं मागत होते ते. दर तिसऱ्या गोष्टीत तू होतीस. मी जळत होते आणि ऐकत होते. थांबा असं एकदाही म्हटलं नाही.

मत्सर गेलेला नाही. जाईल असं खोटं लिहिणार नाही, माझं अक्षर तुझ्याइतकं चांगलं नाही. शाल घडी करून तुझ्या पलंगावर परत ठेवली आहे, ती तुझी. रुमाल मात्र मी घेऊन चालले. नाताळला घरी ये आणि मला तो तुझ्या पद्धतीने बांधून दे. मी आज सकाळपासून आरशासमोर प्रयत्न करते आहे, तो सारखा डोळ्यांवर येतो.

तुझी,
नोबंतू