आमच्या देवासाठी करवत

९ जुलै, बुधवार

निश्चय. या घरात दगड कापायची करवत येईल आणि ती मी निवडीन. यांच्यावर सोडलं तर पुढच्या जन्मी येईल.

हे रिटायर झाल्यापासून दगड गोळा करतात. कापायचे, घासायचे, चमकवायचे. त्याला हॉबी म्हणायचं. तीन वर्षांत एकही दगड कापलेला नाही, कारण करवत ठरत नाही. मोबाईलवर कोणी गोरा माणूस चष्मा लावून दगड कापत असतो आणि आमचे हे तोंड उघडं टाकून बघत असतात. मी आजवर तिकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. पण काल यांचे मित्र वैद्यनाथ अरियलूरच्या चुनखडीच्या खाणीतून एक दगड घेऊन आले. मोसंबीएवढा, करडा. एका अंगाला नखाएवढी वळलेली रेघ. हे म्हणाले, आत समुद्रातली गोगलगाय आहे, कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेली.

गोगलगाय. बी.कॉम. करून हे कळलं. मी शाळेपुरती, एसएसएलसी, पण मला बघितल्याबरोबर कळलं. ते चक्र आहे. विष्णूचं. आत शाळिग्राम आहे, बाहेर दिसतं ते नुसतं टरफल.

१० जुलै, गुरुवार

कोणाला वाटेल, अलमेलु अक्कांची जिरवायला मी हे करते. तसं काही नाही. अक्का माझ्या थोरल्या जाऊ, दारासुरमला असतात. सासूबाई गेल्या तेव्हा घरचा शाळिग्राम थोरल्या घरी गेला. रीतच आहे. थोरले भाऊजी पूजा करतात, आम्ही सणाला जाऊन लांबून नमस्कार करतो. नऊ वर्षं चार महिने झाले. मी मोजतसुद्धा नाही. अक्कांच्या हातचा नैवेद्य देव कसा खातो हा देवाचा प्रश्न. पायसम् पाण्यासारखं, त्यात काजू शोधायला दिवा लागतो.

१६ ऑगस्टला गोकुळाष्टमी. यंदा त्या दोघांना आपल्याकडे बोलवायचं. आपलं देवघर, आपला शाळिग्राम. नमस्कार त्यांनी करायचा. लांबून.

अक्का म्हणतील, खरा शाळिग्राम फक्त गंडकी नदीत मिळतो. उत्तर तयार आहे. देवाला ॲड्रेस प्रूफ लागत नाही.

१३ जुलै, रविवार

यांनी मनात धरलेल्या दोन करवती दाखवल्या. पहिली सहा इंची, जयपूरहून मागवायची. सोबत दगड घट्ट धरायचा शिकंजा. पातं पाऊण मिलिमीटर. माझा पापड त्याहून जाड असतो. वर पात्याला दात नाहीत, नुसती गुळगुळीत कड, आणि त्या कडेत हिऱ्याची भुकटी बसवलेली म्हणे. बोळकी करवत आणि हिऱ्याची भुकटी. असल्या जाहिराती यांच्यासारखे आहेत म्हणून चालतात.

दुसरी दहा इंची, तेलात चालणारी. चार लिटर तेल. दगड तळायचाय का, विचारलं. हे म्हणाले, पातं तापू नये म्हणून. ज्या घरात अप्पळम्-पापड महिन्यातून एकदा तळतात तिथे दगडाला चार लिटर.

पस्तीस वर्षं विळीवर सुरण चिरलेल्या बाईला पात्याचं कोणी शिकवू नये.

१५ जुलै, मंगळवार

शास्त्र विचारून घेतलं. मठातले कृष्णप्रसाद भटजी. सरळ विचारलं नाही. सरळ विचारलं की भटजी सरळ नाही म्हणतात. मी विचारलं, एखाद्या फळाच्या आत देवाचा अंश असला आणि साल फार कठीण असली, तर साल काढलेली चालते का. ते म्हणाले, नारळ फोडतोच की आपण, अम्मा. मग विचारलं, कुठलं फळ. मी म्हटलं, अरियलूरकडचं आहे.

झालं. शास्त्राधार मिळाला. भटजींची विद्या बेताचीच, पण आज बरोबर बोलले.

यांनी जेवताना खुसपट काढलंच. आत चक्र नसेल तर कापायचं कशाला, आणि असेल तर चक्रावर करवत चालवायची कशी. मी म्हटलं, टरफल संपलं की थांबायचं. हे म्हणाले, टरफल कुठं संपतं ते बाहेरून कसं कळणार. म्हटलं, भक्ती असली की कळतं. यांनी रस्सम् दोनदा घेतलं.

१९ जुलै, शनिवार

तमिळ पंचांगातला आडी महिना लागला. आडीत नवी वस्तू घरात आणू नये. पण आडीतच सगळी दुकानं डिस्काउंट लावतात. देवाने दोन्ही एकाच महिन्यात ठेवलं त्याला काही अर्थ असणार.

यांना घेऊन जानकीरामच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. त्याने फरशा कापायची टेबलाची करवत दाखवली. खाली पाण्याचं तसराळं, मधून पातं वर येतं. जयपूरच्या निम्म्यात. शिकंजा नाही. शिकंजा कशाला, देवाने दोन हात दिलेत.

मग पाती. जानकीरामनेही तीच बोळकी पातळ पाती पुढे केली. मी भिंतीवरचं दातेरी पातं मागितलं. जाड, भारदस्त, एकेक दात करंगळीएवढा. तो म्हणाला, अम्मा, ते रस्त्याचं काँक्रीट कापायचं. पातं जेवढं जाड तेवढा दगड खातं. लहान दगडाला पातळच घ्या. हे लगेच मान हलवायला लागले. दोघे पुरुष एकमेकांकडे बघून मान हलवतात तेव्हा बाईने सावध व्हावं. पातळ पातं दुप्पट महाग होतं, म्हणजे हा मला मूर्ख समजत होता. जाड लवकर झिजत नाही, हे माझ्या झाऱ्यालाही ठाऊक आहे. मी म्हटलं, नारळ फोडताना थोडं पाणी सांडतंच. तो म्हणाला, तुमची मर्जी.

डोळ्यांना लावायचा चष्मा फुकट देत होता. तो परत केला आणि तेवढे पैसे कमी करून घेतले. मला आधीचा चष्मा आहेच.

ऑटोत हे करवत मांडीवर घेऊन बसले. मुंजीत बटूला घेऊन बसतात तसे. तीन वर्षांत यांना जे ठरवता आलं नाही ते मी पाऊण तासात ठरवलं. हे तसं म्हणाले नाहीत, पण चेहऱ्यावर होतं.

२७ जुलै, रविवार

ट्रायल. कावेरीतला एक गोटा. हे म्हणाले, तसराळ्यात पाणी भर. मी म्हटलं, आधी कोरडं बघू, पाणी वर चढवायला मोटार लागते.

गच्चीवर एवढी धूळ उडाली की समोरच्या घरातून आग लागली का विचारायला माणूस आला. शेजारी तळणाचे तांदळाचे वडम वाळत घातले होते. ते सगळे करडे झाले. झटकून डब्यात भरले. तळल्यावर रंग कोणाला कळतो.

गोटा कापला गेला. वाकडा, पण कापला गेला. हे म्हणाले, दोन तुकडे जोडून बघ, मधला बराच दगड गेलाय. मी म्हटलं, गोटा आधीपासून तसाच असेल.

३ ऑगस्ट, रविवार

अक्कांना फोन. यंदा गोकुळाष्टमी आमच्याकडे, देवघरात एक विशेष आहे, बघायला या. विशेष काय ते सांगितलं नाही. अक्कांनी विचारलंही नाही, इतका त्यांना माझ्या घरात रस. भाऊजींच्या गुडघ्यांचं मात्र वीस मिनिटं सांगितलं. खाली बसवत नाही, खुर्चीवर बसून पूजा करतात. देव खाली आणि हे वर. मी म्हटलं, अरेरे. मनातून कसलाच आनंद झाला नाही.

येतो म्हणाल्या.

आता तेरा दिवस. चक्र निघालंच पाहिजे. निघेलच.

१० ऑगस्ट, रविवार

शिकंज्याची व्यवस्था केली. मोडक्या पाटाच्या दोन फळ्या, मध्ये देव, वरून काथ्याचा दोर. दगड हलतो, पण अगदी थोडा. हे पुन्हा जयपूरचं नाव काढत होते. मी म्हटलं, जयपूरला भक्त असतात का शिकंजेवाले. विचारात पडले. यांना विचारात पाडणं फार सोपं आहे.

१२ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी ९.१०. स्नान करून सोवळं नेसले. दगडाला हळदकुंकू लावलं. यांना तांब्याने पात्यावर पाणी ओतायला उभं केलं. कापायचं काम मी करणार, यांचा हात थरथरतो.

९.२५. रेघेवर पातं धरलं. अच्युता, अनंता, गोविंदा. पातं जरा नाचतं.

९.४०. टरफल फार जाड आहे. पुढे जाते.

९.५०. अजून टरफलच. हे म्हणाले, थांब. मी म्हटलं, पाणी ओता.

१०.०५. दोन तुकडे.

दुपारी. सकाळी हात धुवायला गेले, मग जेवण झालं, मग पडून होते. आता लिहिते. दोन्ही तुकड्यांवर गोल गोल अर्धवट खुणा आहेत, फरशीवर कॉफीच्या पेल्याचा डाग पडतो तशा. मधोमध काही नाही. गुळगुळीत दगड. यांनी तसराळ्यातल्या गाळात बोट घातलं, अंगठ्याने चोळून बघितलं आणि म्हणाले, चक्र होतं, वरू. रुपयाएवढं होतं. जाडी फार नसणार, पात्याएवढीच.

एवढंच बोलले. वर काही म्हणाले नाहीत. हेच यांचं वाईट.

१३ ऑगस्ट, बुधवार

शांतपणे विचार केला. चक्र होतं हे सिद्ध झालं. गोगलगाय म्हणणारे गप्प बसले. माझं म्हणणं खरं ठरलं. बाकी काय ते तपशील.

चूक कोणाची तेही लिहून ठेवते. जानकीरामने पातं विकलं, त्याला जोराने नाही म्हणता आलं असतं. यांनी पाणी सरळ धारेने ओतलं नाही. भटजींनी नारळाचा दाखला दिला, नारळात मधोमध काही नसतं हे त्यांना ठाऊक होतं.

गाळ टाकवेना. तुळशीला घातला. वाया काही गेलेलं नाही.

दोन तुकडे जोडून लाल दोऱ्याने बांधले. वर तुळशीचं पान, समोर समई. लांबून अगदी अखंड दिसतो. नमस्कार लांबूनच करायचा असतो.

१६ ऑगस्ट, शनिवार. संध्याकाळ

दारापासून देवघरापर्यंत पिठाची बाळकृष्णाची पावलं काढली. नैवेद्याची शीडै, पिठाच्या तळलेल्या गोळ्या, बिघडली नाही. थोरले भाऊजी आणि अक्का अकरा वाजता ऑटोने आले. भाऊजींना उंबऱ्यावरून आत घ्यायला यांनी हात दिला. अक्कांच्या हातात कापडी पिशवी होती, ती कुठे खाली ठेवेनात. मला वाटलं, पायसम् असेल.

खुर्चीवर बसल्यावर भाऊजी यांना म्हणाले, राजा, माझ्याच्याने आता होत नाही. खुर्चीवर बसून देवाला वरून पाणी घालतो, रात्री झोप लागत नाही. वर्षभर म्हणतोय, तुझ्याकडे आणून ठेवू. ही म्हणाली, वरू बोलवेल तेव्हा घेऊन जाऊ, आपण होऊन नेलं तर तिला ओझं वाटेल. अक्कांनी पिशवीतून चांदीची डबी काढली. शाळिग्राम आणला होता. आमच्या घरी ठेवायला. कायमचा.

अक्का म्हणाल्या, अगं, नेमाने करणारी तूच आहेस, माझ्याने कुठलं होतंय.

मग डबी ठेवायला त्या देवघरात गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या त्या दोऱ्याने बांधलेला दगड बघूनच, डबी तशीच हातात. ती भाऊजींच्या मांडीवर ठेवली. हे काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, अरियलूरचा आहे, तुम्ही कॉफी घ्या. त्यांनी यांना विचारलं. यांना खोटं बोलता येत नाही, कधी शिकलेच नाहीत. चक्र होतं, मध्ये होतं, हिने कापलं, असं तीन वाक्यांत सगळं सांगितलं. वर गच्चीवर नेऊन करवतही दाखवली. दाखवताना अभिमानाने दाखवली, हे मी विसरणार नाही.

भाऊजी खालीच बसून होते. त्यांना सगळं ऐकू आलं. मांडीवरच्या डबीवर त्यांनी हात ठेवला. मी म्हटलं, भाऊजी, तो वेगळा, हा वेगळा. तो नुसता शोधायचा होता. ते म्हणाले, शोधला ना. मी म्हटलं, करवत उद्याच विकून टाकते. म्हणाले, विक, मग बघू. मग बघू म्हणताना त्यांनी डबी अक्कांकडे दिली आणि अक्कांनी ती पिशवीत घातली.

अक्का रागावल्या नाहीत. माझा हात धरून म्हणाल्या, वरू, आमच्याकडे गुडघे दुखतात गं, पण करवत नाही.

जेवले. पायसमला चांगलं म्हणाले.

निघताना फाटकापाशी मी अक्कांना म्हटलं, एकदा दाखवा. जवळून कधी बघितला नाही. त्यांनी डबी उघडली, दोन्ही हातांत धरून ठेवली, मला हात लावू दिला नाही. मी वाकून बघितलं. काळा, सुपारीएवढा. मला मोठा वाटत होता.

आणखी थोडं बघितलं असतं. एरवी या गल्लीत अर्धा तास उभं राहिलं तरी ऑटो मिळत नाही. आज लगेच आली.