वृषालीचं उतरलेलं वजन

अंधेरी, ता. ३ ऑगस्ट १९८४

चि. रत्नप्रभेस थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. आम्ही सगळी धड आहोत.

सांगणार नव्हते, पण दुसऱ्याकडून कळेल म्हणून लिहिते. नात वृषालीचं वजन उतरलं होतं. बालवाडीच्या बाई महिन्याच्या महिन्याला पोरं काट्याला टांगतात. तोललेल्या पोराला दृष्ट लागते म्हणून मी हिला दोनदा घरात लपवली. तर बाई काटा घेऊन दारातच हजर! तीन वर्षांची पोर दोन वर्षांच्या पोराएवढीच भरली.

मी म्हटलं, "मी काय दिवसभर माशा मारते? मऊभात करते, पेज करते, ही तोंडच उघडत नाही."

"आजी, तिच्यासोबत जेवतं कोण?"

"कोण जेवणार? तिचे आईबाप कारखान्यात. मी भरवते."

"उद्यापासून आमच्याकडे पाठवा."

पाठवली. दारातून बघते तर ही भवानी दहा पोरांच्या ओळीत बसून उसळ खातेय, वर शेजारणीच्या ताटलीत हात! महिन्यात अर्धा किलो वाढली. दृष्टीचं मी आता कुणाला बोलत नाही.

दुपारी मात्र घरात मी एकटीच. मूठभर भात करते, तो संध्याकाळी सुनेला टोपात तसाच दिसतो. भूक नव्हती म्हणून सांगते.

तुझं जेवण कसं चाललंय? खोटं लिहू नकोस. चुलीपुढे एकटी बसून पेज गिळू नकोस. ताट उचल आणि शेजारी वनमालेच्या पडवीत जाऊन बस. ती बडबडते फार. बडबडू दे.

तुझी,
मालन