मनगटाचे साडेतीन मार्क

ती. दादा यांस,

ज्यावर हे पत्र लिहिलं जात आहे ते टेबल, त्याच्या शेजारची दोन बाकं, दारातलं चपलांचं कपाट आणि स्वयंपाकघरातलं स्टूल, हे सर्व कोणाकडेही न शिकता स्वतःच्या हातांनी बनवणाऱ्या तुमच्या मेहुण्याचा नमस्कार. नमस्कार सध्या एकाच हाताचा आहे, गोड मानून घ्यावा. तुमच्या गुडघ्याला आता आराम असेल. अक्षर तुमच्या बहिणीचं, मजकूर माझा. कंसात काही आढळल्यास ते तिचं. त्याची जबाबदारी माझ्यावर नाही. (दादा, मी बरी आहे. हे डाव्या हाताने जेवतात आणि सांडतात.)

तर, माळ्यावरचा डबा काढताना मी त्या स्टुलावरून पडलो. स्टूल मोडलेलं नाही, हे आधी सांगतो. मोडलं ते मनगट, उजवं. (स्टूल हलतं. कधीची सांगतेय.) इथल्या इस्पितळात खिडकीपाशी एक नर्स बसते. ती आधी विचारते, दुखणं एक ते दहात किती? फोनवर आपल्या भाषेतला दुभाषा मिळेल, असंही ती म्हणाली. पण इथली भाषा मी वर्तमानपत्रं वाचून स्वतः शिकलो आहे, म्हणून नको म्हटलं. मग विचार केला. आमच्या मास्तरांनी हयातीत कोणाला दहापैकी सातच्या वर दिले नाहीत. इथे तर रक्तही सांडलं नव्हतं. तेव्हा पास होण्यापुरते साडेतीन दिले. नर्सने ते लिहून घेतलं आणि आम्हाला कोपऱ्यातल्या खुर्च्या दाखवल्या.

तिथे बसलो ते बसलोच. अंगठा खरचटलेला एक माणूस आमच्या मागून आला, नऊ म्हणाला आणि आत गेला. इतक्या सढळ हाताने वाटलेले मार्क मी पाहिले नव्हते. संध्याकाळ झाली तशी माझी दोन बोटं बधिर झाली. (ओठ पांढरे पडले होते. विचारलं तर म्हणे, खुर्चीला पाठ नीट दिलेली नाही.) शेवटी तुमच्या बहिणीने विचारलं, "तुम्ही किती सांगितले?" उत्तर ऐकून ती उठली, आणि मला न विचारता खिडकीशी जाऊन तिने तो फोन लावून घेतला.

पलीकडून एक मुलगी बोलली, अगदी घरच्यासारखी. "काका, इथे मनगटाची परीक्षा नाही हो. ज्याचा आकडा मोठा, तो आधी आत. खरं सांगा, किती?" मी फेरतपासणी करून सात केले. "नऊ," तुमची बहीण म्हणाली. मुलीने नर्सला कोणाचा आकडा सांगितला ते कळलं नाही, पण दार लगेच उघडलं.

हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. डॉक्टरांनी ते बसवलं, आणि आणखी उशीर झाला असता तर ही बोटं कामातून गेली असती, असं त्या मुलीकरवी सांगितलं. काल पाचही बोटं हलली. रंधा धरता येईल. प्लास्टर बरं घातलंय. कडा मात्र मी घरी पॉलिश पेपरने घासून घेतल्या.

आपला,
तुमचा मेहुणा

ता. क. : इकडे कोणी येत असेल तर त्याच्याबरोबर माझा जुना छोटा रंधा पाठवावा. स्टुलाच्या एका पायाचं थोडं काम आहे.

आणखी एक : परत या, इथे आपले डॉक्टर आहेत, तिकिटांचे सत्तर हजार मी पाठवतो, असं तुम्ही फोनवर म्हणालात. माया कळली. पण ते सत्तर हजार मी नाकारत आहे.

(ऐंशी म्हणाला होतास, दादा. ते ऐंशी मीही नाकारते.)