चार बोटं सरकवलेली दोरी

मु. सावरखेड, ता. बाळापूर
दि. १४ मे १९६१

देवमन गड्या,
जयभीम.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या पोरीचं, मैनाचं अक्षर लय सुधरलं, मास्तरले दाखवलं तर खूश होईल. भागीरथावहिनीले सांगजो, दवाखान्यात बसून घराची काळजी करू नका. शेळी माझ्याकडं आहे, दूध देऊन राहिली.

इथं उन्हाचा कहर आहे. विहाराचं काम थांबलं. आपला ओंडका अजून चिरायच्या घोडीवरच पडून आहे, अर्धा चिरलेला. लोक म्हणतात दुसरा जोडीदार पाहा. नत्थुजी एक दिवस आऱ्याच्या खालच्या मुठीले उभा राहिला. मी वरून दोन हात ओढले अन् उतरलो. खाली तूच दिसून राहिला होता.

तू लिहिलं, एक डोळा तर गेलाच, अन् डॉक्टर म्हणे दुसऱ्या डोळ्यावरही सारा येऊन राहिला, पडद्यासारखा. ते वाचून मी पत्र घडी करून ठेवलं. मग पुढचं वाचलं. तू लिहितो, पुंजाराम, तू मनाले लावून घेऊ नको, माझीच कानस जास्त फिरली, आऱ्याचा दात पातळ झाला म्हणून गाठीवर तुटला अन् डोळ्यात उडाला.

देवमन, तुझी कानस जास्त फिरली नव्हती. वीस वर्षांत कधी फिरली नाही. अन् त्या लाकडात गाठही नव्हती.

हे पत्र मी दोनदा फाडलं. तुले आता वाचता येत नाही, वहिनीले अक्षर येत नाही, म्हणजे मैनाच वाचणार. तिच्या तोंडून हे तुले ऐकावं लागंल, याचं मले भय वाटते. पण दुसरा रस्ता नाही. दवाखान्यात मी दोन वेळा येऊन गेलो. तुझ्या खाटेजवळ बसलो, केळी सोलून दिली, कपाशीच्या भावाचं बोललो अन् मोटर पकडून परत आलो.

तीन वर्षांपहिले तू परतवाड्याले सागाच्या कामावर होता. मैना तापानं फणफणली, तिले झटके येऊन राहिले होते. नदीले पूर, बाळापूरले जाता येईना. वहिनी भरदुपारी पावसात माझ्या दारी आली. म्हणे, भाऊ, विहिरीवरच्या कडूनिंबाले खिळा ठोका, बाहेरच्यानं धरलं आहे पोरीले. मी तिले समजावलं. आपण हे सोडलं, नागपूरले शपथ घेतली, गावात बावीस प्रतिज्ञा मीच तर वाचून दाखवतो. ती दारातच खाली बसली. माझ्यानं पाहवलं नाही. छकड्याचा वीतभर खिळा घेतला अन् ठोकला. दुसऱ्या दिवशी पोरीचा ताप उतरला. तो आपोआप उतरला, हे मले तेव्हाही समजत होतं. वहिनीनं तेवढं वचन घेतलं, यांले सांगू नका.

मग विहारासाठी तोच कडूनिंब तोडायचं ठरलं. तोडायच्या सकाळी वहिनीनं मले इचारलं, खिळा निघाला तर पोरीले काही होणार तर नाही ना? मी म्हटलं, राहू देतो. साल वर चढली होती, कोणाले दिसत नव्हता. तिच्यासाठी राहू दिला, हे अर्धं खरं. अर्धं हे, की विहाराच्या लाकडातून पुंजारामनं ठोकलेला खिळा निघाला असता तर मी गावात तोंड कसं दाखवलं असतं?

म्हणून चिरायची रेघ पाडताना मी दोरी चार बोटं सरकवून मारली, खिळा बाजूले राहावा असा हिशेब. तू खालून इचारलं, "दोरी काऊन सरकवली?" मी म्हटलं, "गाठ आहे." खालचा माणूस भुशापायी डोळे मिटून ओढतो, वरच्याच्या भरवशावर. त्या दिवशी तुले पटलं नव्हतं, म्हणून तू डोळे उघडे ठेवून वर दोरीकडं पाहून राहिला होता. अन् खिळा सरळ गेलाच नव्हता. घाईत तिरपा ठोकला होता मी.

परवा छिन्नीनं काढला तो. दाताची खूण आहे त्याच्यावर.

मी काय करू सांग. माझा डोळा काढून तुले बसवता येत नाही. एकट्यानं आरा चालत नाही. वहिनीले दोष देऊ नको, मायच ती. दोष द्यायचा तर मले दे, पण कानस फेकून देऊ नको.

मैना, पोरी, तू इथवर मोठ्यानं वाचलं का नाही, मले ठाऊक नाही. मधातच थांबली असशील तर तुझ्या बापाले कधीच समजणार नाही, अन् तो आपल्याच हातावर रुसून बसंल. तुझी काही चूक नाही. तू तापात होती. आता सुरुवातीपासून वाच, अन् खालचं नावही वाच.

आऱ्याची वरची मूठ धरणारा,
पुंजाराम